घट्ट पाणी

चक्कीतून पडणारं गरम पीठ ती चिमटीत घ्यायची. अंगठा आणि दोन बोटांमध्ये घोळायची, मग डोळे मिटून जिभेवर ठेवायची आणि टाळूला लावून बघायची. मागे डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. हिला त्याचं काही नाही. कण लागला की डोळे उघडणार आणि मला सांगणार, "आखीन बारीक, भाऊ."

मी तापट माणूस आहे. आमच्या गावात कोणालाही विचारा. चक्कीवाल्याला दिवसभर मशीनच्या वरताण ओरडावं लागतं, मग घरीही तो ओरडूनच बोलतो आणि लोक त्याला चिडका म्हणतात. असेन मी चिडका. पण एकदा दळलेलं पीठ पुन्हा वर ओतायला लावणारं गिऱ्हाईक कोणाला आवडेल, तुम्हीच सांगा. दगड तापतात, पिठाला जळका वास लागतो, मधेच वीज जाते ती वेगळीच. मी म्हणायचो, "बाई, हे खायाचं पीठ आहे का तोंडाले लावाचा पावडर?" ती म्हणायची, "गिळाचं आहे, भाऊ." आणि डबा पुन्हा पुढे सरकवायची.

गाव आमगावच्या अलीकडे आहे, एवढंच सांगतो. तिचं नाव सांगत नाही, कारण गावात तिला कोणी नावानं हाक मारलीच नाही. एकुलत्या एका लेकाचं नाव रूपचंद, म्हणून ती रूपचंदची माय. तिच्या नवऱ्याला सगळे रूपचंदचा बाप म्हणायचे. आमच्याकडे असंच असतं.

पहिल्यापासून ती अशी नव्हती. पूर्वी डबा ठेवायची आणि चक्कीबाहेरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसायची. "जाड पाहिजे का बारीक?" असं विचारलं तर "कसंही" म्हणायची. दळण झालं की डोक्यावर घेऊन चालू लागायची. इतकी वर्षं तिनं माझ्याशी केलेलं बोलणं एका बिडीत संपलं असतं.

बोलण्याचं सगळं खातं नवऱ्याकडे होतं. थोडी स्वतःची धानाची जमीन, थोडी ठेक्यानं केलेली. मोठा हौशी माणूस. त्याच्या बांधावरून कोणी उपाशी पुढे गेलं नाही. पेज पिऊन जा, म्हणजे जाच. पेज म्हणजे तांदळाची पातळ कांजी. आमच्याकडे लेकरू पेजेवर वाढतं, गडी पेजेवर नांगर धरतो आणि आजारी माणूस पेजेवरच उठतो. रूपचंदचा बाप त्या पेजेत मूठ वाकडी करून खडेमीठ टाकायचा, वर आंब्याचं लोणचं, पावसाळ्यात सुकी मासळी. रक्तदाबाच्या गोळ्या त्याला सरकारी दवाखान्यातून मिळत होत्या. डोकं दुखलं की एखादी घ्यायचा. मला म्हणाला होता, "डोकं दुखत नाई तं गोळी कायले खाऊ, सांग." मीही मान हलवली, कारण मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत त्याला लकवा मारला. मशीनजवळ पोत्याचं तोंड धरून उभा होता, ते हातातून सुटलं. सगळे हसले. पुन्हा हातात दिलं, पुन्हा सुटलं. तेव्हा कोणाचं तरी त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. एक बाजू खाली उतरली होती आणि तो काहीतरी बोलत होता, पण ते बोलणं नव्हतं. त्याला गाडीत घालून गोंदियाला नेलं.

तो परत आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं तिकडेच ठेवून आला. गाव बघायला लोटलं. ज्याला त्याला उपाय ठाऊक. एकानं राइस मिलच्या छपरावरून पारवे धरून पिशवीत घालून आणले. पारव्याचं रक्त चोळा, रस्सा पाजा, महिन्यात चालतो. तिनं पिशवी घेतली, त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर पिशवीचं तोंड उघडलं. ते पारवे येऊन बसले माझ्या चक्कीच्या पत्र्यावर. अजूनही त्यांची पिलावळ माझे दाणे खाते.

आणि मग ती एक दिवस डबा घेऊन आली. डब्यात तांदूळ, भाजलेली चणाडाळ, मूग, भाजलेले शेंगदाणे आणि जवस. जवस बघून माझं टाळकं सरकलं. तेलाचं बी दगडात गेलं की दगड लिबलिबीत होतात, खोलून साफ करावे लागतात. मी डबा परत केला. ती हलली नाही. म्हणाली, "जवस थोडासा आहे भाऊ, तांदूळ पिऊन टाकन तेल. नाई पेला तं दगड मी धुवून देतो." आमच्याकडे बायाही देतो, करतो असंच बोलतात, पण इतकं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. दळून बघितलं. तांदळानं तेल पिऊन टाकलं. मग तिनं पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "आखीन बारीक."

दवाखान्यात गिळायला शिकवणारी एक मुलगी होती. गिळायचंही शिकवतात, हे मला तेव्हाच कळलं. तिनं हिला शिकवून सोडलं होतं, आणि हिनं ते मला चक्कीकडे बोट दाखवून समजावलं. "तुमच्या चक्कीले तोंड एकच आहे. मानसाच्या गळ्यात दोन रस्ते राहतात. एक पोटाचा, एक छातीचा. मधात झाकन राहते. ह्यायचं झाकन ढिलं झालं. घट्ट राहिलं तं हळू जाते, झाकनाले टाइम भेटते. पानी पळते. झाकन लागाच्या पयले छातीत."

मी विचारलं, "मंग पेज?"

"पेज तं पानीच होय ना, भाऊ."

आजाऱ्याला पेज द्यायची नाही, हे आमच्या भागात कोणाला सांगून बघा.

पाणीसुद्धा ती घट्ट करून द्यायची. आमच्या जंगलात एक कंद होतो, त्याचं पांढरं सत्त्व म्हणजे तिखूर. उपासाला त्याच्या वड्या करतात. ती चिमूटभर तिखूर पाण्यात शिजवायची, चमच्यावरून हळू सरकेल इतकं, आणि निववून चमच्यानं पाजायची. मी एकदा बघायला गेलो होतो. पाठीमागे धानाची पोती लावून त्याला ताठ बसवलेलं. हनुवटी खाली. डाव्या बाजूनं चमचा. चमचा रिकामा झाला की त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायची आणि गिळल्याची हालचाल लागेपर्यंत थांबायची. मगच दुसरा. शेवटी गालात बोट फिरवून बघायची, काही राहिलं का. आणि जेवण झालं तरी आडवं होऊ द्यायची नाही. एवढ्या वेळात लग्नाची एक पंगत उठते. रूपचंद बाजूला उकिडवा बसून हे सगळं तोंड उघडं टाकून बघत असायचा.

पिठात काय काय आहे हेही मी विचारलं. तर म्हणे, नुसत्या भातानं पोट भरते, डोक्याचं काही भागत नाही. जे मोडलं ते पुन्हा बांधायचं तर डाळ पाहिजे, अंडं पाहिजे, जवस, शेंगदाणे पाहिजे. मीठ नको. ती मुलगी तसं म्हणाली होती, आणि त्या मुलीचा शब्द हिच्यासाठी कोर्टाचा हुकूम होता.

आता गावाचं ऐका. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. आणि नुसतं देऊन येत नाहीत, आपल्या हातानं दोन घोट, दोन घास तोंडात घालतात. तेवढ्यानं जीव शांत होतो, देणाऱ्याचा. रूपचंदच्या बापानं तर गावाला बांधावर बसवून जेवू घातलेलं. कोणी लोट्यात पेज आणायचं, कोणी ग्लुकोजचं पाणी. ही खाटेसमोर उभी. "ठेवा जी इथं. मी देतो मागून." एकालाही खाटेपर्यंत जाऊ दिलं नाही. चुलत दिराला नाही, सरपंचाला नाही. आणि खाटेवरचा माणूस त्या लोट्यांकडे बघत राहायचा.

तिथून निघालेलं बोलणं चक्कीवर यायचं. चक्कीवर सगळंच येतं.

"पानी बी देत नाई म्हनते नवऱ्याले."

"खळ पाजते खळ. पोस्टर चिटकवाची."

"जीव घेऊन राहिली आतल्या आत. दुसरं काय."

हे शेवटचं जी बोलली, तिचं दळण वर घातलेलं होतं. मी पट्टा उतरवला आणि अर्धे गहू, अर्धं पीठ तिच्या डब्यात ओतून दिलं. म्हटलं, घरी जाऊन पाट्यावर वाट. ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेली. काही दिवस आली नाही. मग आली, कारण दुसरी चक्की लांब आहे.

रूपचंदची माय त्या वेळी बाहेर कडुनिंबाखालीच होती. सगळं ऐकलं तिनं. बाया पांगल्या, वीज गेली, आणि आम्ही दोघं वीज यायची वाट बघत बसलो. रूपचंद पत्र्यावरच्या पारव्यांना दाणे टाकत होता.

त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायला पाहिजे. तिशी ओलांडलेला, दोन पोती एकदम उचलणारा. पण शाळेत तिसरीच्या पुढे सरकला नाही. पैसे मोजता येत नाहीत, घड्याळ कळत नाही. खोटं बोलता येत नाही. एकच गोष्ट तो पक्की शिकलेला होता, की मोठ्या माणसाचं ऐकायचं. कोणीही मोठं माणूस काहीही सांगो, हा "हो जी" म्हणून निघाला. गावानं त्याला फुकट राबवून घेतलं, थट्टाही केली, आणि तो थट्टेलाही हसायचा.

त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "हा पोटात होता भाऊ, तं मले भूक लागे. लय भूक लागे. सासू म्हने, जास्त खाल्ली तं लेकरू मोठं होते, अडते. पानी पे. मी पानी पेत होतो. झाल्यावर बी पातळ पेज आन् चिमूटभर भात. डाळ नोको, फुगते. भाजी नोको, थंडी होते. मी समद्यायचं ऐकलं. हा झाला तं एवढासा होता. रडे बी नाई."

मी बिडी पेटवली.

"त्या पोरीले विचारलो मी दवाखान्यात, त्यानंच असा झाला का म्हनून. ते म्हने नक्की नाई सांगता येत, लय कारनं राहतात. पन मायच्या पोटातच डोकं बनते म्हने, तवा त्याले खायाले लागते." ती पदराची कड पिळत होती. "तिले नक्की नाई मालूम. मले मालूम आहे. तवा ऐकलं लोकायचं. आता नाई ऐकत. म्हनू दे काय म्हनाचं ते."

मला फार वाईट वाटलं. पण चक्कीवाल्याला वाईट वाटलं तर तो काय करणार? वीज आली आणि मी तिचं पीठ न सांगता दुसऱ्यांदा वर घातलं.

होळीच्या सुमाराला एक दिवस ती डबा खाली ठेवायच्या आधीच हसायला लागली. तिला हसताना मी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं काहीतरी झालं.

"बोलले," ती म्हणाली.

"काय बोलले?"

"अळनी."

घास गिळला, तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि स्पष्ट म्हणाला, अळनी. नवरा कुठलाही घ्या, लकवा मारलेला घ्या, पहिला शब्द बायकोच्या स्वयंपाकाला नाव ठेवणाराच निघणार. आम्ही दोघं हसलो. मी विचारलं, "मंग तुम्ही काय म्हनल्या?" तर म्हणे, "मी म्हनलो, आखीन रागवा. रोज रागवा. मीठ नाई देत जा."

त्यानंतर तो सुधारत गेला, डोळ्यांनी दिसेल इतका. आधाराशिवाय बसायला लागला. डाव्या हातानं चमचा धरायला लागला. लेकाला "रू" म्हणायचा. बांबू धरून अंगणात उभा राहिला तेव्हा रूपचंदनं सगळ्या गल्लीत ओरडून सांगितलं. ज्या बाया खळ म्हणत होत्या त्याही थोड्या नरमल्या. आणि दवाखान्यातली ती मुलगी म्हणाली होती, पुढच्या खेपेला आणा, पाण्याची परीक्षा घेऊ. नीट गिळलं तर साधं पाणी सुरू करू. तो पुढच्या खेपेचा दिवस जवळ आला होता. तिचं सगळं लक्ष त्या दिवसावर. मला म्हणायची, "एकदा पानी पेऊ दे त्यायले, भाऊ. मंग मले काई नाई पायजे."

पण ते दिवस नवतपाचे, मे अखेरचे. आमच्याकडचा नवतपा तुम्हाला ठाऊक नसेल तर नशीबवान आहात. सकाळीच पत्रा तापतो, तोंडात थुंकी राहत नाही. तो खाटेवर बसून कोपऱ्यातल्या मडक्याकडे बघायचा. ओठ हलवायचा. तिनं मडकं उचलून घरामागे नेऊन ठेवलं. स्वतःला तहान लागली की मागे जाऊन प्यायची आणि पदरानं तोंड कोरडं करून आत यायची. रूपचंदलाही तसंच शिकवलं होतं.

त्याच दिवसांत त्याची मोठी बहीण आली, कोहमाऱ्याकडून. आई लवकर गेली म्हणून तिनं या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. विधवा बाई, मऊ जीव. भावाला बघून रडली, घट्ट पाणी बघून आणखी रडली. तरी भावजयीचं ऐकून होती.

एक दिवस तिखूर संपला म्हणून रूपचंदची माय आमगावच्या बाजाराला गेली. वाटी झाकून ठेवली, नणंदेला सांगून गेली की हेच द्या, एवढंच द्या, साधं पानी नोको. नणंद हो म्हणाली. तिचं काही खोटं नव्हतं. पण दुपार झाली. भावानं घरामागच्या दाराकडे बोट दाखवलं. ती नाही म्हणाली. त्यानं पुन्हा दाखवलं. मग त्यानं डावा हात उचलला, मेलेला उजवा हात त्याला जुळवला आणि बहिणीला हात जोडले. कडेवर वाढवलेला भाऊ घोटभर पाण्यासाठी हात जोडतो आहे. मला सांगा, तुमच्यापैकी कितींना नाही म्हणता आलं असतं? तरी तिनं स्वतः पाजलं नाही, भावजयीला शब्द दिला होता. तिनं रूपचंदला बोलावलं. लेकाच्या हातचं पाणी बाधत नाही, पुण्य लागतं, असं ती ऐकत आली होती. "बापाले पानी दे बाबू," ती म्हणाली. रूपचंद म्हणाला, "हो जी."

तो चक्कीवर आला तेव्हा हातात डबा नव्हता. सदऱ्याची छाती ओली होती आणि तोंडभर हसू.

"काका, मी बाबाले पानी पाजलो."

मी मशीन बंद केली. "कोणी सांगितलं?"

"आत्यानं. गिलासभर पाजलो. मंग बाबानं आखीन मांगले. खोकलले, पन मांगले. बाबा हसले, काका."

मी तसाच निघालो, पिठाच्या हातांनी. पोचलो तेव्हा ती नुकतीच बाजारातून आली होती. पिशवी उंबऱ्यात पडलेली. नवऱ्याला पुढे वाकवून ती पाठीवर थापट्या मारत होती आणि त्याच्या छातीतून घरघर येत होती. नणंद भिंतीला डोकं आपटत होती, मीच मारलं, मीच मारलं म्हणत. माझ्या मागून रूपचंद दारात आला.

"माय, बाबाले बरं वाटलं ना?"

ती थापट्या मारायची थांबली नाही. "हो," म्हणाली. "जा, अंगनात बस."

तो गेल्यावर तिनं आम्हा दोघांकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. रडत नव्हती. "आत्याबाई, चूप राहा," ती म्हणाली. "तुमी नाई दिलं पानी. कोनीच नाई दिलं. मी दिलो. कोनी विचारलं तं हेच सांगा. भाऊ, तुमी बी. माह्या लेकाच्या कानावर हे जाऊ देऊ नोका."

रात्रीपासून ताप चढला. पुन्हा गोंदिया. छातीत पाणी गेलं, न्यूमोनिया झाला, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याच्या परीक्षेचा दिवस तो त्याच दवाखान्यात होता, नाकाला नळी लावून. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला.

आणि चक्कीवर काय आलं, ऐका. "शेवटी पाजलं म्हनते तिनं पानी. चांगलं झालं, तहानेला नाई गेला." दुसरी म्हणाली, "आधीच पाजलं असतं तं जगला असता बिचारा." मी पिठात हात घालून उभा होतो. मी, तापट माणूस. शब्द दिला होता म्हणून दात आवळून धरले. त्या दिवशी सगळ्यांचं पीठ जाड निघालं असणार, कोणी तक्रार केली नाही.

आता ती गावात नाही. जमीन ठेक्यानं देऊन रूपचंदला घेऊन कोहमाऱ्यापलीकडे भावाकडे गेली. निरोप घ्यायला आली नाही; तशी ती बोलणारी नव्हतीच. तिच्या घराला कुलूप आहे. ती इथे नाही म्हणूनच तुम्हाला हे सांगू शकलो. कधी कधी दळताना मीच पीठ जिभेवर ठेवून बघतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं.

पण तेरवीचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही.

अंगणात मांडव होता. पळसाच्या पत्रावळींवर भात, वरण, वडे वाढून झाले होते. पंगती बसल्या होत्या. गेलेल्याचं पान वेगळं, मांडवाच्या कडेला. ते पान ठेवून, पाणी ठेवून झालं की गाव जेवणार. रूपचंदचं डोकं भादरलेलं, अंगात नवं बनियन. त्याचा चुलत काका म्हणाला, "पानी ठेव रे रूपचंद, मंग बसू जेवाले."

रूपचंद लोटा घेऊन निघाला. पानाजवळ वाकला. आणि तसाच उभा राहिला.

"ठेव ना रे."

"नाई," रूपचंद म्हणाला.

जन्मात त्यानं मोठ्या माणसाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. गावानंही नाही. बाया पदर सावरत वळून बघायला लागल्या.

"बाबाले असं पानी चालत नाई," तो म्हणाला. "छातीत जाते. मी पाजलो होतो ना."

काका म्हणाला, "आता कुठली छाती रे बाबा, ठेव." जी खळ म्हणाली होती ती माझ्या समोरच्या पंगतीत होती. तिनं मान खाली घातली.

रूपचंदची माय आतून दारात आली. लेकाकडे बघत राहिली. तिला कळलं की तो ते जाणून होता, त्या दिवशी अंगणात बसला होता तेव्हापासून. मग कोणाकडेही न बघता ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. तिखुराचा डबा उघडल्याचा आला. सगळं गाव पत्रावळीसमोर हात मांडीत घेऊन बसलं होतं, भात निवत होता, वड्यांवर माश्या बसत होत्या. पाणी शिजलं, घट्ट झालं, तिनं ते परातीत ठेवून निववलं. कोणी घाई केली नाही.

वाटी आणि चमचा घेऊन ती बाहेर आली आणि तिनं ते लेकाच्या हातात दिलं.

"तूच दे," ती म्हणाली. "हळू."

रूपचंद पानासमोर उकिडवा बसला. चमचा भरला, डाव्या बाजूनं नेला आणि पानाच्या कडेला हळूच सोडला. मग दोन बोटं पानावर ठेवून थांबला, दुसरा चमचा न भरता.

आम्हीही थांबलो.